वाचक विचारतात : जुन्या व्हिडिओ गेमच्या बॉडीत नवे यंत्र

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमची बॉडी तशीच ठेवून आत रास्पबेरी पायसारखा एका बोर्डावरचा छोटा संगणक बसवण्याविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. त्यामुळे या अंकातील सदर त्याच एका विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना पोटमाळ्यावर नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम, दोन रिमोट आणि काही कॅसेट सापडल्या. यंत्र सुरू होत नाही. त्याच बॉडीत रास्पबेरी पाय बसवून ते नव्या टीव्हीला जोडता येईल का? कोणता बोर्ड घ्यावा?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : जोडता येईल, पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी यंत्र खरोखरच कामातून गेले आहे का, एवढे पाहून घ्यावे. अशा यंत्रांत पुष्कळदा मुख्य बोर्ड ठीक असतो आणि दोष अडॅप्टरमध्ये, अडॅप्टरच्या सॉकेटच्या तडकलेल्या सोल्डरमध्ये किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या कॅसेटच्या पट्ट्यांमध्ये असतो. त्यासाठी मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे साहित्य पुरते.

यंत्र उघडल्यावर बोर्डावर चिपऐवजी काळ्या रेझिनचा वाटोळा ठिपका दिसला, तर ती बहुधा १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेमची नक्कल आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत खेळली गेली ती हीच नक्कल. ती दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल, तर तिची बॉडी निःसंकोच वापरावी. मात्र आत निन्टेन्डोचा किंवा सेगाचा अस्सल बोर्ड निघाला आणि तो सुरू होण्याची थोडी जरी शक्यता असली, तर त्याला हात लावू नये. लॅमिंग्टन रोडवर कधीही मिळू शकणाऱ्या बोर्डासाठी पुन्हा न मिळणारे यंत्र मोडणे मला तरी पटत नाही.

बोर्डाच्या निवडीत लोक उगाच मोठी उडी मारतात. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा होता आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट होती. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, वापरून त्याची हुबेहूब नक्कल करायला त्याहून कितीतरी अधिक ताकद लागते हे खरे, पण १ गिगाहर्ट्झचे चार कोअर आणि ५१२ एमबी मेमरी असलेला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू ८ बिट आणि १६ बिट काळातले बहुतेक खेळ व्यवस्थित चालवतो. त्याची लांबी-रुंदी ६५ बाय ३० मिलिमीटर आहे, त्यामुळे बॉडीतला एकही खांब कापावा लागत नाही. रास्पबेरी पाय ४ घेतला, तर ३ अँपिअरचा पुरवठा द्यावा लागतो आणि बंद डब्यातली उष्णता बाहेर काढण्याची सोयही करावी लागते. ८० अंश सेल्सिअसपासून हे बोर्ड स्वतःचा वेग कमी करू लागतात.

या कामात माझा एकच आग्रह असतो : बॉडीच्या सोयीने आतले यंत्र बसवावे, यंत्राच्या सोयीने बॉडी कापू नये. मूळ बोर्ड ज्या प्लास्टिकच्या खांबांवर बसत होता, त्यांच्याच मापाची बेकेलाइटची किंवा ॲक्रिलिकची पट्टी कापून ती जुन्याच स्क्रूंनी बसवावी आणि नवा बोर्ड त्या पट्टीवर स्पेसर लावून उभा करावा. ग्लू गनने चिकटवलेला बोर्ड वैशाखाच्या उकाड्यात सुटण्याची भीती असते. एचडीएमआयसाठी मागे नवे भोक पाडू नये. अँटेनाची आणि पिवळी-पांढरी एव्ही सॉकेट काढल्यावर जी जागा मोकळी होते, तिथून आखूड एक्स्टेन्शन केबल बाहेर घ्यावी. पेन ड्राइव्हसाठी लागणारे यूएसबी सॉकेट कॅसेटच्या झाकणाखाली बसवता येते आणि झाकण मिटले की ते दिसतही नाही. काढलेला मूळ बोर्ड पिशवीत घालून, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून जपून ठेवावा.

वीजपुरवठ्याच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह सोडावा. या यंत्रांसोबत साधारणपणे ९ व्होल्टचा अडॅप्टर येई आणि आतला ७८०५ हा रेग्युलेटर त्याचे ५ व्होल्ट करी. उरलेले ४ व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, म्हणजे १ अँपिअर प्रवाह घेतला तर ४ वॉट उष्णता त्या बंद डब्यातच राहते. शिवाय कित्येक जुन्या अडॅप्टरच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो, त्यामुळे उलटसुलट जोडणीचा धोका वेगळाच. जुन्या सॉकेटच्या जागी यूएसबी-सी सॉकेट बसवून थेट ५ व्होल्ट द्यावेत आणि तिथून बोर्डापर्यंतची वायर जाड व आखूड ठेवावी. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसू लागले, तर बोर्डापर्यंत पोचणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली जात आहे असे समजावे. अशा वेळी बोर्ड बदलण्याआधी केबल बदलून पाहावी.

प्रश्न : यूएसबीचे नवे रिमोट मिळतात हे ठाऊक आहे, पण मला जुन्या नऊ पिनांच्या रिमोटनेच खेळायचे आहे. बॉडीवरील सॉकेट तशीच ठेवून हे जमेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : जमते, आणि जमवावेच, समोरची सॉकेट नुसती शोभेला ठेवून मागून यूएसबीचा रिमोट लावायचा असेल, तर जुन्या बॉडीचा खटाटोप कशासाठी?

रिमोटमध्ये आठ बटणे असूनही त्याला पाचच तारा पुरतात. अस्सल रिमोटमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप असते आणि नकलेतला काळा ठिपका तेच काम करतो. यंत्राकडून ‘लॅच’चा इशारा आला की आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती चिप टिपून घेते, मग ‘क्लॉक’च्या प्रत्येक ठोक्याला ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे या क्रमाने एकेक स्थिती ‘डेटा’च्या तारेवर येते. उरलेल्या दोन तारा वीज आणि अर्थ (ग्राउंड) यांच्या. कोणती तार कोणत्या पिनला आहे, हे सर्व नकलांत सारखेच असेल असे गृहीत धरू नये. रिमोट उघडून मल्टिमीटरच्या बझरने प्रत्येक तार तपासावी आणि कागदावर आकृती काढून ठेवावी.

हे सॉकेट रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिनांना, म्हणजे बाहेरची बटणे वा सर्किटे जोडण्यासाठी बोर्डावर असलेल्या पिनांना, थेट जोडता येते, पण त्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. रिमोटला ५ व्होल्ट दिले आणि तेच डेटाच्या तारेवरून परत आले, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. सोल्डरिंगची फारशी सवय नसलेल्यांनी मध्ये प्रो मायक्रो नावाचा छोटा बोर्ड घालावा. त्यावर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते आणि ती संगणकाला स्वतःची ओळख यूएसबी गेमपॅड म्हणून करून देऊ शकते. त्याची ५ व्होल्टची आवृत्ती घेतली की दाबाचा प्रश्न उरत नाही. स्वस्त मिळतो म्हणून अर्डुइनो उनो घेऊ नये, त्यावर हे काम सरळ होत नाही. आणखी एक सावधगिरी : सेगा मेगाड्राइव्हचे सॉकेटही दिसायला असेच नऊ पिनांचे असते, पण आतली जोडणी सर्वस्वी वेगळी असल्याने एकाचा रिमोट दुसऱ्याला लावू नये.

प्रश्न : खेळून झाल्यावर मुले पूर्वीसारखे बटण खटकन बंद करतात. मेमरी कार्ड दोनदा खराब झाले. उपाय सांगावा.
— एक वाचक, वसई

उत्तर : दोष मुलांचा नाही. जुन्या यंत्रात कॅसेट फक्त वाचली जाई, त्यामुळे वीज अचानक गेली तरी बिघडण्यासारखे काही नव्हते. नव्या यंत्रात मात्र कार्डावर लेखन चालू असते. बॉडीवरील रीसेटचे बटण दाबून सोडण्याच्या जातीचे असेल, तर त्याच्या दोन तारा जीपीआयओ ३, म्हणजे बोर्डावरील पिनांच्या रांगांतली पाचवी पिन, आणि शेजारची सहावी अर्थ पिन यांना जोडाव्यात आणि कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-शटडाउन’चा ओव्हरले (जोड-सेटिंग) सुरू करावा. मग ते बटण दाबले की यंत्र रीतसर बंद होते आणि पुन्हा दाबले की जागे होते. सरकवायचे मूळ बटण ५ व्होल्टच्या तारेवर ठेवावे. यंत्र रीतसर बंद झाल्यावरच ते सरकवायचे, हे मुलांना एकदा समजावून सांगावे.

प्रश्न : सर्व काही उत्तम चालते, पण खेळ आणि संगीत लहानपणापेक्षा जलद वाटते. माझी पत्नी म्हणते, वय झाले. खरे कारण काय?
— एक वाचक, दादर

उत्तर : वयाचा यात काही संबंध नाही, आपला कान बरोबर सांगतो आहे. हे खेळ मुळात जपान आणि अमेरिकेतील टीव्हीसाठी, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० चित्रे धरून लिहिलेले होते. आपल्याकडच्या टीव्हीची ‘पाल’ (PAL) पद्धत ५० ची. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकलांमध्ये खेळ सेकंदाला ५० पावलेच टाकी, म्हणजे सुमारे एक षष्ठांश सावकाश चाले. त्या नकलांतील प्रोसेसरचा वेग मात्र मूळ यंत्राच्या जवळपास, १.७७ मेगाहर्ट्झ, ठेवलेला असे. त्यामुळे सुरांची पट्टी फारशी न बदलता फक्त लय संथ होई. आपण लहानपणी ऐकले ते हेच संथ संगीत, आणि एम्युलेटर वाजवतो तो जपानी वेग.

एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया या एम्युलेटरच्या पर्यायांत विभाग (रीजन) निवडताना ‘डेंडी’ हा पर्याय दिसेल. डेंडी ही रशियात खपलेली अशीच एक नक्कल, आणि पाल नकलांच्या या वेळापत्रकाला तिचेच नाव पडले आहे. तो पर्याय निवडावा. त्याचबरोबर एचडीएमआयचे चित्रही ५० हर्ट्झवर आणावे, नाहीतर ५० चित्रे ६० च्या पडद्यावर बसवताना सरकणारी पार्श्वभूमी अडखळत धावते. आपल्याकडील बहुतेक टीव्ही ५० हर्ट्झ स्वीकारतात. चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे आणि टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू करावा. तो नसला की टीव्ही चित्र सुशोभित करण्यात वेळ घालवतो आणि उडीचे बटण उशिरा लागल्यासारखे वाटते. चुकतमाकत का होईना, पण ज्या वेगाची बोटांना सवय आहे त्याच वेगात खेळावे, असे मी सुचवेन. कागदोपत्री ६० चा वेग अस्सल असला, तरी आपल्या पिढीचा तो नव्हे.

प्रश्न : पांढरी बॉडी पिवळी पडली आहे. पेरॉक्साइड लावून ती उन्हात ठेवावी का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : या एबीएस प्लास्टिकवर ऊन, उष्णता आणि हवा यांचा परिणाम होऊन पिवळेपणा येतो आणि त्यात मिसळलेल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकाचा त्यात हात असल्याचे सामान्यतः मानले जाते. केस रंगवण्याच्या साहित्यातील १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून उन्हात ठेवल्यास रंग उजळतो. पण फ्लॅटच्या गॅलरीत ऊन तिरके आणि तुकड्यातुकड्यांनी येते, क्रीम कुठे वाळते तर कुठे ओले राहते आणि बॉडीवर ढगासारखे डाग उमटतात. ते पिवळेपणापेक्षा वाईट दिसतात. गच्चीची सोय असेल तरच हा प्रयोग करावा. हातमोजे व चष्मा घालावा, स्टिकर आधी काढून ठेवावेत आणि तुकडे वारंवार फिरवावेत. काही काळाने पिवळेपणा परत येऊ शकतो, हेही मनाशी धरावे. माझ्या मते साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. थिनर किंवा ॲसिटोन अजिबात वापरू नये, त्याने प्लास्टिक विरघळते.

प्रश्न : हे सारे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बॉडी आपली आहे आणि एम्युलेटर हे स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर आहे, प्रश्न उरतो तो खेळांच्या फाइलींचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणक प्रणालीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तिच्या संरक्षणासाठी राखीव प्रत काढता येते. त्यामुळे अस्सल कॅसेटमधून स्वतः उतरवलेली प्रत आणि इंटरनेटवरून उचललेला हजारो खेळांचा गठ्ठा यांत फरक आहे. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेट तर मुळातच परवानगीवाचून बनलेल्या असत, तेव्हा त्यांच्या जोरावर हा हक्क सांगणे कठीण. जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आहेत आणि त्यांतले काही खेळ ते स्वतःच मोफत देतात. सुरुवात तिथून करावी.

प्रश्न : आमच्याकडे बदके टिपण्याच्या खेळाची बंदूकही आहे. ती एलईडी टीव्हीवर चालेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. घोडा ओढताच खेळ क्षणभर पडदा काळा करून फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि बंदुकीच्या नळीतील संवेदक तो उजेड नेमका त्याच क्षणी दिसला का, एवढेच पाहतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तो चौकोन विनाविलंब उमटे. सपाट टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, तोवर यंत्राने नेम चुकल्याची नोंद केलेली असते. शिवाय ट्यूबवरील उजेड ज्या वेगाने लुकलुकतो, तेवढाच ओळखणारे सर्किट कित्येक बंदुकांत असते, त्यामुळे विलंब शून्य झाला तरी तिला सपाट पडदा दिसत नाही. कॅमेरा बसवलेल्या नव्या बंदुका मिळतात. त्या पडद्याभोवतीची पांढरी चौकट पाहून नेम ठरवतात आणि एम्युलेटरसोबत चालतात. आपल्या बंदुकीनेच खेळायचे असेल, तर ट्यूबचा टीव्ही भंगारात देऊ नये आणि यंत्र चालू असेल तर ते उघडूही नये. एम्युलेशनसाठी दुसरी बॉडी चोर बाजारात शोधावी.