मायक्रोपायथनसारख्या हलक्या भाषेत लिहिलेलं उपकरण महिनोन्‌महिने चालू शकतं का, की सी शिकावीच लागेल?

तुम्ही विचारलंय की पायथन बऱ्यापैकी येतं, सी अजिबात येत नाही, आणि तापमान-आर्द्रता मोजून पंखा चालू-बंद करणारं उपकरण बनवायचंय, जे कुणी हात न लावता महिनोन्‌महिने चालेल. मग मायक्रोपायथन (छोट्या चिपवर चालणारं पायथन) किंवा ल्युआ (तशीच एक हलकी भाषा) या कामाला पुरतात, की त्या नुसत्या शिकण्यापुरत्याच आहेत?

पुरतात. अशी उपकरणं मी स्वतः बनवली आहेत आणि ती चालू आहेत. पण तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द ‘महिनोन्‌महिने’ हा आहे. पंखा पाच मिनिटं फिरवणं कुठल्याही भाषेत सोपं. तेराव्या दिवशी काय होतं, तिथे खरी परीक्षा असते. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी ही भाषा नेमकं काय देते ते. सीमध्ये एक ओळ बदलली की कंपाईल करा (म्हणजे चिपला कळेल अशा रूपात बदला), बोर्डावर चढवा, काय झालं ते बघा, परत बदला. मायक्रोपायथनमध्ये भाषेचा इंटरप्रिटरच, म्हणजे लिहिलेली ओळ लगेच वाचून चालवणारा प्रोग्रॅम, चिपच्या फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) बसलेला असतो. यूएसबी केबल जोडली की समोर तीन बाणांचा प्रॉम्प्ट येतो आणि तुम्ही थेट चिपशी बोलू लागता. एक ओळ लिहिली की चिपची पिन (वायर जोडायचा पाय) चालू, दुसरी लिहिली की बंद. ही सोय वरवरची वाटते, पण माझ्या मते या भाषा वापरण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. कल्पना जुनीच आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चार्ल्स मूर यांनी फोर्थ ही भाषा वापरून अमेरिकेतल्या किट पीकवरची रेडिओ दुर्बीण चालवली होती, आणि तीही अशीच प्रॉम्प्टवर बोलणारी भाषा होती.

याचा फायदा कसा होतो, ते एका प्रसंगावरून सांगते. मी एक सेन्सर मोड्यूल आणलं होतं. ते बीएमई२८० म्हणून विकलेलं, म्हणजे तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता तिन्ही मोजणारं. तापमान व्यवस्थित येत होतं, आर्द्रता मात्र कायम शून्य. अख्खी संध्याकाळ मी वायरी उलटसुलट करून बघितल्या, कोड तपासला, ड्रायव्हर (सेन्सर वाचणारा तयार कोड) बदलला. शेवटी सगळं बाजूला ठेवून प्रॉम्प्टवर आय-टू-सीचं स्कॅन चालवलं, म्हणजे सेन्सर ज्या दोन वायरींवरून चिपशी बोलतो त्यांवर कोणत्या पत्त्यावर कोण आहे ते विचारलं. उत्तर आलं ११८. हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) ते ७६, म्हणजे डेटाशीटमध्ये (सेन्सरच्या तांत्रिक माहितीपत्रकात) दिलेल्या दोन पत्त्यांपैकीच एक. वायरिंग ठीक होतं. मग त्या पत्त्यावरच्या हेक्स डी-० या रजिस्टरमधून (सेन्सरच्या आतल्या छोट्या कप्प्यातून) एक बाईट वाचला. सेन्सर स्वतःची ओळख तिथे सांगतो. बीएमई२८० असेल तर हेक्स ६० यायला हवं. स्क्रीनवर आलं इंग्रजी मोठं एक्स हे अक्षर. पायथन छापता येण्याजोगा बाईट अक्षर म्हणूनच दाखवतं, आणि एक्सची किंमत ८८, म्हणजे हेक्स ५८. ही बीएमपी२८० ची ओळख. त्या चिपमध्ये आर्द्रता मोजणारा भागच नसतो! मोड्यूलवरचं नाव चुकीचं होतं, माझा कोड बरोबर होता. ज्यासाठी संध्याकाळ घालवली त्याचं उत्तर दोन ओळींत मिळालं. तेव्हापासून कुठलाही नवा सेन्सर आला की ड्रायव्हर लावायच्या आधी मी त्याला हे दोन प्रश्न विचारते. तुम्हीही विचारा, कारण तुम्हाला आर्द्रताच मोजायची आहे. स्कॅनमध्ये यादी रिकामी आली, तर सेन्सरला वीज मिळतेय का, डेटा आणि क्लॉकच्या वायरींची अदलाबदल झालीय का आणि पुल-अप रेझिस्टर (वायरी रिकाम्या असताना व्होल्टेज वर धरून ठेवणारे) आहेत का, ते बघा.

आता मर्यादांकडे येते, आधी मेमरी. मायक्रोपायथन डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभं केलं. ते पायथन ३ चंच, लहान जागेत बसेल असं मुळापासून नव्याने लिहिलेलं रूप आहे. त्याला निदान २५६ केबी फ्लॅश आणि १६ केबी रॅम लागते. अर्डुइनो उनो या बोर्डाच्या मूळ चिपमध्ये ३२ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅम असते, त्यामुळे तिथे हे बसतच नाही. रास्पबेरी पाय पिको या बोर्डात २ एमबी फ्लॅश आणि २६४ केबी रॅम आहे, तुमच्या कामाला ती भरपूर झाली.

भरपूर असूनही ‘मेमरी नाही’ असा एरर मात्र येऊ शकतो, आणि तो बहुतेकदा बऱ्याच दिवसांनी येतो. कारण असं आहे: या चिपांवर मायक्रोपायथन मेमरी १६-१६ बाईटच्या तुकड्यांत वाटतं. वापरून झालेले तुकडे गार्बेज कलेक्टर मोकळे करतो, पण उरलेले सरकवून एकत्र आणत नाही. त्यामुळे मोकळी जागा एकूण पुष्कळ, पण सलग अशी कुठेच नाही, अशी वेळ येते. बसमध्ये वीस जागा रिकाम्या असाव्यात, पण चौघांच्या कुटुंबाला शेजारी-शेजारी बसायला एकही ओळ मोकळी नसावी, तसं. यावर उपाय साधा आहे: मोठे बफर (डेटा ठेवायच्या जागा) सुरुवातीलाच एकदा बनवून ठेवा आणि तेच पुन्हा पुन्हा भरा. लूपच्या आत दर वेळी नव्या याद्या नि लांब स्ट्रिंग जोडत बसू नका. दशांश संख्येच्या प्रत्येक उत्तरालाही सहसा एक नवा तुकडा लागतो, लहान पूर्णांकांना लागत नाही. म्हणून मी तापमान अंशाच्या शंभराव्या भागात, पूर्णांकातच ठेवते, म्हणजे २७.३५ ऐवजी २७३५. तुमच्या पंख्याला तेवढी काटकसर गरजेची नाही, पण हार्ड इंटरप्टच्या फंक्शनमध्ये (सिग्नल येताच चालू काम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनमध्ये) काही करणार असाल तर लक्षात ठेवा: तिथे नवी मेमरी मागताच येत नाही, म्हणून दशांशातलं गणितही तिथे चालत नाही.

दुसरी मर्यादा वेळेची. मिलिसेकंदातलं काम या भाषेकडे द्या, मायक्रोसेकंदातलं हार्डवेअरकडे सोपवा. गार्बेज कलेक्टर मधूनच उठतो आणि काही मिलिसेकंद सगळं थांबवतो. दर दोन सेकंदांनी सेन्सर वाचणाऱ्याला ते कळतही नाही. पण डब्ल्यूएस२८१२ प्रकारच्या रंगीत एलईडींच्या पट्टीत एक बिट १.२५ मायक्रोसेकंदांत संपतो. तो शून्य की एक, हे त्यातला किती वेळ पिन वर होती यावरून ठरतं. असलं काम पायथनच्या लूपने होणार नाही. म्हणून पिकोच्या चिपमध्ये पीआयओ नावाची आठ छोटी स्वतंत्र यंत्रं आहेत. त्यांना दोन-चार सूचनांचा प्रोग्रॅम मायक्रोपायथनमधूनच देता येतो, आणि मग मुख्य प्रोग्रॅम काहीही करत असला तरी ती आपल्या ठेक्याने चालत राहतात. पंख्याचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर पीडब्ल्यूएमही (पिन झपाट्याने चालू-बंद करून सरासरी वीज ठरवणं) असंच हार्डवेअरमध्ये चालतं, तुम्ही फक्त आकडा द्यायचा.

आणि आता तेरावा दिवस.

माझं पहिलं कायमचं उपकरण एका बंद पेटीतला पंखा होता. दर दहा मिनिटांनी आर्द्रता बघायची आणि गरज असेल तर पंखा लावायचा. बारा दिवस बिनतक्रार चाललं. मग एका सकाळी पाहिलं तर पंखा बंद, आर्द्रता चढलेली. बोर्ड जिवंत होता, दिवा लुकलुकत होता, एरर कुठलाच नाही. वीज बंद करून पुन्हा लावली की सुरू. पुन्हा बारा दिवस, पुन्हा तेच. प्रॉम्प्टवर जाऊन मिलिसेकंदांचा काउंटर छापला तेव्हा समजलं. हा काउंटर वाढतच जात नाही. बहुतेक बोर्डांवर तो दोनाच्या तिसाव्या घातापर्यंत, म्हणजे १०७,३७,४१,८२४ पर्यंत जातो आणि शून्यावर परततो. मिलिसेकंदांत याचे साधारण १२.४ दिवस होतात. मी ‘आत्ताची वेळ वजा मागची वेळ’ अशी साधी वजाबाकी केली होती. काउंटर शून्यावर आला की उत्तर प्रचंड ऋण येतं, ते दहा मिनिटांपेक्षा मोठं कधी होतच नाही, आणि प्रोग्रॅम निमूटपणे वाट बघत बसतो. यासाठी टाइम मोड्यूलमध्ये टिक्स-डिफ नावाचं फंक्शन दिलेलं आहे, ते हा वळसा हिशोबात धरतं. दस्तऐवज वाचताना ते माझ्या नजरेखालून गेलं होतं, पण ते का दिलंय ते मला तेव्हा कळलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून तेच वापरा. मायक्रोसेकंदांचा काउंटर तर अठरा मिनिटांच्या आतच वळसा घेतो.

यापेक्षाही काळजीची गोष्ट म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोलमडला तर पिन ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत राहते. सेन्सरची वायर सैल झाली, वाचताना एरर आला, प्रोग्रॅम थांबला, आणि पंखा चालूच. पंख्याचं ठीक आहे, पण उद्या तिथे हीटर किंवा पाण्याचा पंप लावलात तर हेच धोक्याचं होईल. म्हणून मुख्य लूप ट्रायमध्ये घाला आणि फायनलीमध्ये पिन बंद करा. त्याच्या जोडीला वॉचडॉग लावा: ठरावीक वेळात प्रोग्रॅमने ‘मी आहे’ असं कळवलं नाही तर तो चिप रीसेट करतो. पिकोवर ही मुदत जास्तीत जास्त सव्वाआठ सेकंदांच्या थोडी पुढे जाते, म्हणून लूपमध्ये लांबलचक स्लीप ठेवू नका. शिवाय बोर्ड सुरू होताना प्रोग्रॅम पिनेचा ताबा घेईपर्यंत काही क्षण जातात, तेवढ्यात पिन अधांतरी राहू नये म्हणून मॉसफेटच्या, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या, गेटपासून (पिन जोडतात त्या पायापासून) ग्राउंडला एक १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. पंखा थेट पिनेला कधीही जोडू नका. पिन काही मिलिअँपिअरच देऊ शकते. मध्ये मॉसफेट आणि मोटरला उलटा डायोड (मोटर बंद होताना येणारा विजेचा झटका वळवणारा) हवाच.

ल्युआबद्दल थोडक्यात. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली, ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवायला म्हणूनच. ती फार आटोपशीर आहे. २०१४ नंतर नोडएमसीयू या फर्मवेअरमुळे (चिपवर कायम बसवलेल्या प्रोग्रॅममुळे) ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर ती बरीच पसरली. सीमध्ये फर्मवेअर लिहिणाऱ्याला वापरणाऱ्यांसाठी फक्त नियम बदलायची मुभा ठेवायची असेल, तर मी ल्युआच निवडेन. तुम्हाला पायथन येतंय आणि सी येत नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत हा प्रश्न उरत नाही. जावास्क्रिप्ट येणाऱ्यांसाठी एस्प्रुइनो आहे, तेही चांगलं आहे.

सी नंतर शिकाल तर उपयोगच होईल, पण आत्ता तिच्यासाठी अडून राहू नका. त्याऐवजी सेन्सरची डेटाशीट वाचायची सवय लावा. रजिस्टर आणि बिट कुठल्याही भाषेतून तेच असतात.

सुरुवात करताना प्रोग्रॅमला ‘मेन’ (main.py) हे नाव लगेच देऊ नका. त्या नावाची फाईल बोर्ड सुरू होताच आपोआप चालते, आणि आत वॉचडॉग असेल तर तो एकदा लागला की पिकोवर थांबवता येत नाही. मग कंट्रोल-सी दाबून प्रॉम्प्टवर आलात तरी काही सेकंदांत बोर्ड पुन्हा रीसेट होतो आणि फाईल दुरुस्त करायला वेळच मिळत नाही. थॉनी किंवा एमपीरिमोट (संगणकावरून बोर्डावरच्या फाईली हाताळायची साधनं) वापरून फाईल हाताने चालवा, दोन-तीन दिवस बघा, आणि ‘मेन’ करताना वॉचडॉग लावण्याआधी पाच सेकंदांचा स्लीप ठेवा. त्या पाच सेकंदांत कंट्रोल-सी दाबलं की बोर्ड तुमच्या हातात येतो.