पोकळ ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश बाहेर का निसटत नाही?

ऑप्टिकल फायबर म्हणजे प्रकाशाच्या रूपात माहिती वाहून नेणारा बारीक तंतू. साध्या फायबरमध्ये प्रकाश काचेतून जातो. पोकळ फायबरमध्ये मधोमध हवा असते आणि प्रकाश त्या हवेतून धावतो. मग तो कडेने निसटायला हवा, ही तुमची शंका अगदी रास्त आहे.

खरी गंमत भिंतीत आहे. हवेच्या मार्गाभोवती काचेच्या बारीक नळ्या असतात, नळीच्या आत आणखी नळी. त्यांची भिंत साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ना, तेच तत्त्व इथे आहे: पातळ पडद्याच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना बळ देतात. जाडी नेमकी जमली की ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आत परत ढकलला जातो.

इतकी खटपट का? काचेच्या घनतेतले अतिसूक्ष्म चढउतारच प्रकाश विखुरतात. आकाश निळे दिसते त्याच कारणाने. त्यामुळे उत्तमातल्या उत्तम काचेच्या फायबरमध्येही साधारण एकवीस किलोमीटरनंतर निम्माच प्रकाश उरतो. 2025 मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पोकळ फायबरमध्ये हा क्षय किलोमीटरला 0.091 डेसिबलपर्यंत खाली आणला. म्हणजे निम्मा व्हायला तेहतीस किलोमीटर! काचेची ही मर्यादा कित्येक दशके जवळजवळ जागची हलली नव्हती, म्हणून मला हे फार मोठे यश वाटते.

शिवाय वेग. हजार किलोमीटरला काचेतून सुमारे 4.9 मिलिसेकंद लागतात, हवेतून 3.3.

घरच्या इंटरनेटला मात्र एवढ्यात फरक पडणार नाही. आधी डेटा सेंटरमधल्या जोडण्यांना पडेल.