आईची झोपेची गोळी एकदम बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की आई 64 वर्षांच्या आहेत, दोन वर्षं रोज रात्री क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅम घेतात, हल्ली विसरतात, सकाळी झोकांड्या जातात, मग गोळी आजपासूनच बंद करू का. नको. एकदम बंद करू नका, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही, सातपूर एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे, पण हे माझ्या अंगावरून गेलंय. तीन शिफ्टमध्ये झोपेचे तीनतेरा वाजले तेव्हा डॉक्टरांनी झोल्पिडेम दिली, पंधरा दिवसांसाठी, आणि मी शहाणा चार महिने घेत राहिलो. ही गोळी अर्ध्या तासात चढते म्हणून घेतली की लगेच आडवं व्हायचं असतं, मी मात्र गोळी घेऊन मोबाइल बघत बसायचो. एका सकाळी ओट्यावर बघतो तर अर्धा कांदा चिरलेला, चिवडा सांडलेला आणि कढईत शेंगदाणे कोळसा झालेले. मिसेस म्हणाली, रात्री दोनला करपल्याचा वास आला म्हणून उठले, तुम्ही कांदा चिरत उभे, विचारलं तर म्हणालात भूक लागली, मीच गॅस बंद केला. मला यातलं काडीचं आठवत नव्हतं! नंतर कळलं की हे या गोळीत होतं, लोक झोपेत गाडीसुद्धा काढतात, म्हणून अमेरिकेत 2019 ला एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, तिच्यावर चौकटीतला ठळक इशारा छापायला लावलाय. त्याआधी 2013 ला बायकांसाठीचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला लावला होता, कारण त्यांच्या रक्तात सकाळपर्यंत औषध उरतं.

मी घाबरून त्याच दिवशी बंद केली. पुढच्या चार रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, आणि डोक्यात एकच की आता गोळीशिवाय आपल्याला झोप नाहीच. खरं तर ती औषध तोडल्याची उलटी लाट असते, पण आपण तिलाच मूळ आजार समजतो आणि परत गोळी घेतो, बहुतेक लोक इथेच अडकतात. डॉक्टरांनी परत चालू करून हळूहळू कमी केली तेव्हा सुटली.

आईंची गोळी तर वेगळ्या जातीची. क्लोनाझेपाम निम्मी उतरायलाच 30-40 तास लागतात, म्हणजे कालची अंगात असताना आजची पोटात जाते. मग दिवसा गुंगी, तोल जाणं, विसरणं, आणि घरचे म्हणतात वय झालं. रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडलं तर ते झोपेपेक्षा महागात पडतं. दोन वर्षांची सवय झटक्यात तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, म्हणून डॉक्टर थोडी थोडी कमी करतात, त्यात महिने गेले तरी जाऊ द्या.

गोळी बदलून द्या म्हणाल तर प्रत्येकीचं काहीतरी आहेच. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं, बद्धकोष्ठता, म्हाताऱ्यांना लघवी अडकते. मेलाटोनिन त्यातल्या त्यात सौम्य, पण कामही तेवढंच. सर्दीची गुंगीवाली गोळी झोपेसाठी देऊ नका, मावशा-काकवा हमखास सुचवतात. आई घोरत असतील, मधेच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यात या गोळ्या जास्त त्रास देतात.

आणि तो ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणालात ना, त्यात मेहेरबानी काही नाही. या औषधांना कायद्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी मागितली असती तर दोन वर्षांत एकदा तरी डॉक्टरांनी विचारलं असतं की अजून का चालू आहे.

मला शेवटी फरक पडला तो वेळ पाळल्याने. नाइट सोडून जनरल शिफ्ट मागून घेतली, झोप लागो न लागो सकाळी सहाला उठायचंच, दुपारचं लोळणं बंद, चारनंतर चहा बंद (हा सगळ्यात जड गेला), आणि झोप येत नसेल तर गादीवर तळमळत पडायचं नाही, उठून बाहेर खुर्चीत बसायचं. पहिले दोन आठवडे वैताग येतो.

डॉक्टरांकडे नेताना बीपी-शुगरच्या धरून सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका. आणि तोपर्यंत रात्री बाथरूमचा लाइट चालू ठेवा, पायपुसणं सरकतं असेल तर काढून टाका.