इच्छामरण, दयामरण आणि ‘प्राय’

एका वाचकाची विचारणा आहे: आयसीयूतल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर काढायचं ठरलं, तर त्याला ‘इच्छामरण’ म्हणावं की ‘दयामरण’?

दोन्ही नको. ‘उपचार थांबवणे’ म्हणा. ‘इच्छामरण’ बातम्यांत इतकं स्वस्त झालंय की ऐकलं की डोकं तडकतं. इच्छामरण भीष्मांचं! शंतनूचा वर होता, उत्तरायण लागेपर्यंत ते शरशय्येवर शुद्धीत थांबले. आयसीयूच्या दाराशी मुलगा फॉर्मवर सही करतो, आत वडील बेशुद्ध असतात. तिथे इच्छा कोणाची? वडिलांनी आधी लिहून ठेवली असेल तर त्यांची. अशा लेखी इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे केलं तरी चालतं, पुढे डॉक्टरांची दोन मंडळं एकापाठोपाठ एक रुग्णाला तपासून मत देतात. पण त्या कागदातही माणूस मरण मागत नाही, निरुपयोगी उपचार नकोत एवढंच सांगतो.

‘दयामरणा’त तर दया दुसऱ्याची. परळच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर अनेक दशकं जाणीव हरपून पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यासाठी सगळ्यांनी हाच शब्द चालवला. त्यांचं अन्न थांबवू द्या, या अर्जावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्या वेळी त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्याच. केईएमच्या परिचारिका त्यांना मऊ केलेलं अन्न तोंडाने भरवत होत्या, आणि या परिचारिकांचा अर्जाला विरोध होता. दया म्हणायची तर ती भरवण्यातच होती.

उपचार थांबवण्याला इंग्रजीत ‘पॅसिव्ह युथनेशिया’ म्हणतात, त्यावरून ‘निष्क्रिय इच्छामरण’ घडवणाऱ्या भाषांतरकारांशी माझं भांडण कायमचं आहे. घशातली नळी काढणारा हात निष्क्रिय कसा?

आपल्याकडे याहून फार सुंदर शब्द आहे: प्रायोपवेशन. काही जण याची फोड ‘प्रायः म्हणजे बहुतेक वेळ बसून राहणं’ अशी करतात. साफ चूक! प्र + अय = प्राय, म्हणजे पुढे निघणं, प्रस्थान. निघायचं ठरवून अन्नपाणी सोडून बसणं ते प्रायोपवेशन. त्याच प्र + इ धातूपासून ‘प्रेत’, पुढे गेलेला. प्राय आणि प्रेत सख्खी भावंडं! किष्किंधाकांडात सीता सापडेना तेव्हा अंगद आणि वानर समुद्रकाठी प्रायोपवेशनालाच बसले होते. १९६६ मध्ये दादरला सावरकरांनी तेच केलं. त्याला सरसकट आत्महत्या म्हणणाऱ्या कोशकारांना ‘निघणं’ आणि ‘स्वतःला मारणं’ यातला फरकच कळलेला नाही. अर्थात व्हेंटिलेटर काढण्याला हा शब्द लावू नका. प्रायोपवेशनाला बसणारा स्वतः ठरवून बसतो.

‘बहुतेक’ या अर्थाचा ‘प्रायः’ही माझ्या मते याच वाटेवरचा: बरंचसं अंतर पुढे गेलेला. म्हणून ‘मृतप्राय’ म्हणजे वाटेला लागलेला, अजून न पोचलेला. मेंदूमृत रुग्णाला हा शब्द लावणारे वार्ताहर इथेच घसरतात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याने मेंदूस्तंभ (श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग) मृत झालेला माणूस मृतच धरला आहे. त्याचं यंत्र बंद करणं हा वेगळा विषय, त्याला ‘उपचार थांबवले’ही म्हणता येत नाही. तिथे सरळ ‘मेंदूमृत’ लिहा.