बागेचे प्रश्न : अनंताची पाने पिवळी का पडतात?

गेल्या काही महिन्यांत अनंताविषयी आलेली पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत ‘पाने पिवळी पडली, काय घालू?’ एवढेच विचारलेले असते. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पालवीवर आहे की बुडाजवळच्या जून पानांवर, हे त्यात सांगितलेले नसते आणि निदानाचा निम्मा भाग तर तेवढ्यावरच अवलंबून असतो. ज्या पत्रांत हा तपशील होता, ती निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत अनंत आहे. हिवाळ्यापर्यंत तो हिरवागार होता. मार्चपासून शेंड्याची पाने पिवळी, आता तर जवळजवळ पांढरट येत आहेत. शिरा मात्र हिरव्या आहेत आणि खालची पाने गर्द हिरवी आहेत. शेणखत घातले, एप्सम सॉल्ट दिले, कुंडीत गंजके खिळे पुरले, अंड्याची टरफले कुस्करून घातली. काहीच उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचे पाणी येते. — एक वाचिका, पुणे

उत्तर : पत्रातले शेवटचे वाक्य आपण सहज लिहिले असावे, पण उत्तर बरेचसे त्यातच आहे. आपल्या झाडाला लोह मिळत नाही. झाडात एकदा एका पानात गेलेले लोह तिथून हलून दुसऱ्या पानात जात नाही. त्यामुळे पुरवठा थांबला की जुनी पाने आहेत तशी हिरवी राहतात आणि नवी पालवी उपाशी येते. आधी दोन शिरांमधला भाग पिवळा पडतो, हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसते. पुढे पान फिकट पांढरट होते आणि कडा करपतात. नत्राची किंवा मॅग्नेशियमची उणीव असती, तर ती उलट बाजूने म्हणजे जून पानांपासून सुरू झाली असती, कारण ही दोन्ही द्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या पालवीला देते. नत्र कमी पडले की खालचे पान सरसकट पिवळे होते. मॅग्नेशियम कमी पडले की पानाच्या कडा व शिरांमधली जागा पिवळी होते, पण देठाकडे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना हिरवा त्रिकोण शिल्लक राहतो. आपल्या पत्रात यातले काहीच नाही, तेव्हा एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट देण्याचे कारण नव्हते.

आता कुंडीत खिळे पुरूनही लोह का मिळाले नाही, ते पाहू. मातीत लोह बहुधा भरपूर असते, दख्खनच्या मातीत तर असतेच. प्रश्न ते पाण्यात विरघळण्याचा असतो. अनंताला साधारण ५ ते ६ सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती अधिक आम्लधर्मी) असलेली माती मानवते. सामू ७ च्या वर गेला की मातीतले लोह न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकते, आणि खिळ्यावरचा गंज हे तेच स्वरूप. टँकरचे पाणी बहुधा बोअरचे असते. त्यातले चुन्याचे क्षार प्रत्येक पाण्याबरोबर कुंडीत साठत जातात आणि सामू हळूहळू वर चढवतात. कुंडीच्या काठावर, तळातल्या भोकापाशी पांढरी खपली धरली आहे का, ते पाहावे. अंड्याची टरफले म्हणजे चुनाच. ती वेचून काढावीत. चुलीची राखही या झाडाला घालू नये. सोसायटीच्या आवारातल्या झाडांना हाच त्रास होतो तेव्हा बांधकामाच्या वेळी मातीत मिसळलेले सिमेंट आणि गिलाव्याचे तुकडे हे कारण मी नेहमी तपासायला सांगतो.

मातीत मोकळा चुना आहे का, हे घरी पाहता येते. चमचाभर वाळलेली माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकावे. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे, आणि अशा मातीत गंधक घालून सामू खाली आणण्याचा खटाटोप वाया जातो, कारण तयार होणारे आम्ल चुनाच संपवून टाकतो. तेथे माती बदलणे हाच मार्ग आहे. बुडबुडे आले नाहीत, तर माती तीच ठेवून गंधकाची बारीक पूड अगदी थोडी मिसळावी. मातीतले जिवाणू तिचे आम्ल करतात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून आठवड्यात फरक दिसला नाही तर आणखी पूड घालू नये.

तोवर पानांना आधार हवा. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवून ऊन उतरल्यावर फवारावे. आधी दोनचार पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी, कारण द्रावण तीव्र झाले तर पानांवर काळे डाग पडतात. फरशीवर पडलेले थेंब लगेच धुवावेत, नाहीतर गंजाचे डाग कायमचे राहतात. मुळाशी द्यायचे असेल तर दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेले लोह मिळते, पण वेष्टनावरचे नाव वाचून घ्यावे. ईडीटीए प्रकारचे लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही; चुनखडीच्या मातीत ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. ते महाग असते, मात्र मोठ्या कुंडीलाही अगदी थोडे पुरते. आज पांढरी झालेली सगळी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. पुढची पालवी कशी येते यावरून गुण ठरवावा. गच्चीवर पिंप ठेवून पावसाचे पाणी साठवता आले, तर पुढच्या उन्हाळ्याचा काही भाग तरी त्यावर निघेल.

प्रश्न : फेब्रुवारी-मार्चमध्ये अनंताची आतली, खालची पाने एकेक करून पूर्ण पिवळी होऊन गळतात. शेंड्याला नवी पालवी छान आहे. औषध कोणते? — एक वाचक, सांगली

उत्तर : कोणतेही नाही. अनंत सदाहरित असला तरी त्याचे प्रत्येक पान कधीतरी गळतेच, आणि नव्या पालवीच्या सुमारास जुनी पाने टाकणे हा त्याचा स्वभाव आहे. झाडाचा बराचसा भाग एकदम पिवळा झाला, तरच पुन्हा लिहावे.

प्रश्न : अंगणातला अनंत वडिलांनी लावलेला आहे. जांभ्याची जमीन आहे. घराचे छप्पर वाढवल्यापासून पागोळ्या त्याच्या बुडाशी पडतात. ऑगस्टमध्ये सगळी पाने निस्तेज पिवळी होऊन लोंबली. माती ओली असूनही झाड तहानलेले दिसते. इथल्या कृषी दुकानदाराने लोहाची पुडी दिली आहे. ती द्यावी का? — एक वाचक, कुडाळ

उत्तर : पुडी तूर्त बाजूला ठेवावी. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी आणि लोहाने भरलेली असते. कोकणात आणि गोव्यात अनंत विनासायास वाढतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. माती ओली आणि पान मलूल ही जोडी दिसली की मुळांकडे पाहावे. पाणी साचले की मातीतली हवा संपते, मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरासारखी मुळकुजीची बुरशी शिरते. मुळे कुजल्यावर पाणी कितीही असले तरी वर चढत नाही.

बुंध्यापासून हातभर अंतरावर माती हळूच उकरून एकदोन बारीक मुळे काढून पाहावीत. निरोगी मूळ फिकट रंगाचे आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी असते, चिमटीत धरून ओढले तर त्याची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो, वासही येतो. मग जमिनीलगत बुंध्याची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर आशा आहे. तपकिरी पट्टा बुंध्याभोवती फिरलेला असेल, तर झाड वाचणे अवघड आहे.

पहिले काम पन्हळ लावून पागोळ्यांचे पाणी दुसरीकडे काढण्याचे. आळे मोडून बुंध्याभोवती माती उतरती करावी, साचलेल्या पाण्याला चर काढून द्यावा, मलूल फांद्या एक तृतीयांशापर्यंत छाटाव्यात. खत अजिबात घालू नये. जखमी मुळांना ते सोसत नाही. मेटॅलॅक्झिल असलेले बुरशीनाशक वेष्टनावरच्या प्रमाणात मुळाशी ओतता येते, पण पाणी हटवल्यावाचून त्याचा उपयोग नाही. झाड वडिलांच्या हातचे आहे म्हणून एक सुचवतो : एखादी निरोगी फांदी शिल्लक असेल तर तिच्या शेंड्याकडची वीतभर लांबीची काही छाट कलमे आजच करून ओलसर वाळू व कोकोपीटमध्ये, सावलीत लावून ठेवावीत. पावसाळी हवेत अनंताची छाट कलमे चांगली रुजतात.

प्रश्न : बाल्कनीतल्या अनंताच्या पानांवर काळी पुटे चढली आहेत. शेजारच्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो. बुरशीनाशक दोनदा फवारले, पुटे पुन्हा येतात. — एक वाचिका, ठाणे

उत्तर : ओल्या कापडाने एक पान पुसून पाहावे. काळे पुसले गेले आणि खाली पान हिरवे निघाले, तर ती काजळीसारखी वाढणारी बुरशी आहे. विदर्भातले संत्रा बागायतदार तिला कोळशी म्हणून ओळखतात. ती पानात शिरत नाही. रस शोषणाऱ्या किडी जो गोड चिकटा खाली सोडतात, त्याच्यावर ती वाढते. म्हणून बुरशीनाशकाने पुटे तात्पुरती गेली आणि चिकटा चालूच राहिल्यामुळे परत आली. जास्वंदीवरचा ‘कापूस’ म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि बहुधा तेथूनच तो अनंतावर आला आहे. काळ्या पानांच्या बरोबर वरच्या पानांची खालची बाजू, देठाचे सांधे आणि कळ्यांची बुडे पाहावीत; मधल्या शिरेला चिकटलेले चपटे, हिरवट ठिपके दिसले तर ती खवले कीड, आणि झाड हलवताच पांढरा भुगा उडाल्यासारखे झाले तर पांढरी माशी. उपचार तिन्हींवर जवळजवळ एकच आहे.

अधिक लागण झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवावे, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारावे, आणि आठवड्याने पुन्हा. जास्वंदीवरही त्याच दिवशी फवारणी व्हायला हवी. मुंग्यांची रांग दिसत असेल तर ती तोडावी, कारण मुंग्या चिकट्यासाठी या किडींची राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. या शत्रूंपैकी क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची अळी अंगावर पांढरे मेणाचे झुपके बाळगते आणि पिठ्या ढेकणासारखीच दिसते. तिच्या झपाट्याने चालण्यावरून ती ओळखता येते. तिला मारू नये. हा ऑस्ट्रेलियातला कीटक १८९८ मध्ये कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला, आणि कॉफी व अनंत एकाच कुळातले असल्याने ती कीड अनंतालाही सोडत नाही.

पुसूनही डाग जात नसतील, त्यांच्याभोवती पिवळे कडे असेल, तर मात्र तो पानांवरील ठिपक्यांचा रोग आहे. डागाळलेली पाने खुडावीत, पाने न भिजवता पाणी द्यावे आणि पावसाळ्यात लिटरला अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावे.

प्रश्न : दोन रात्रींत अर्ध्या झाडाची पाने गेली, फक्त मधल्या शिरा उरल्या. किडा कुठेच दिसत नाही. — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : किडा आहे, तो पानाच्याच रंगाचा आहे. झाडाखाली फरशीवर मिऱ्याएवढ्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडल्या आहेत का, ते पाहावे आणि त्यांच्या बरोबर वरची फांदी खालून न्याहाळावी. बोटभर लांब, हिरवी, शेपटाकडे वाकडे शिंग असलेली अळी देठाला घट्ट धरून बसलेली सापडेल. तिच्या कुशीवर श्वासरंध्रांचे लालसर ठिपके रांगेत असतात. शिंग टोचत नाही. ही कॉफी हॉकमॉथची अळी. तिचा पतंग दिवसा उडतो आणि फुलांपुढे हवेत स्थिर राहून मध पितो. कोशातून बाहेर येताना पंखांवर करडे खवले असतात, ते पहिल्याच उड्डाणात झडतात आणि पंख काचेसारखे पारदर्शक होतात.

औषधाची गरज नाही. अळ्या हाताने वेचाव्यात. झाड मोठे असेल तर एकदोन राहू द्याव्यात, असे माझे मत आहे, पण तो आपला निर्णय. अळ्या लहान आणि पुष्कळ असतील तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक चालते. निरोगी अनंताला काही आठवड्यांत पुन्हा पाने फुटतात.

प्रश्न : एप्रिलपासून पानांची तकाकी गेली, धूळ बसल्यासारखी करडी-तांबूस दिसतात, धुतली तरी तशीच. — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारावी. कागदावर पडलेले बारीक कण चालू लागले, तर ते लाल कोळी आहेत. कोरड्या उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावी आणि दुपारच्या उन्हात झाडाला सावली करावी. पाण्यात मिसळणारे गंधक त्यांच्यावर चालते, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याने पाने करपतील, आणि कडुनिंबाचे तेल फवारले असल्यास निदान तीन आठवडे गंधक टाळावे.

प्रश्न : रोपवाटिकेतून आणलेला अनंत वाढतच नाही. पाने लहान, फिकट. दुपारी माना टाकतो, रात्री सावरतो. लोह, शेणखत, गांडूळखत, सगळे झाले. — एक वाचक, नाशिक

उत्तर : रोप कुंडीतून काढून मुळांवरची माती पाण्यात धुवावी. मुळांवर बाजरीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या, आणि त्या नखाने सुटल्या नाहीत, तर त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या आहेत. अनंत या किडीला फार लवकर बळी पडतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडात याच कारणासाठी तो दक्षिण आफ्रिकेच्या गार्डेनिया थनबर्जिया या जातीच्या खुंटावर कलम करून विकतात. आपल्याकडे कलमी रोप मिळत नसल्यास नव्या रोपाच्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि कुंडीच्या कडेने झेंडू लावावा. गाठी थोड्या असतील तर तेवढी मुळे कापून, ताज्या मातीत रोप जगवता येते. मुळांचा बहुतेक भाग गाठाळला असेल तर रोप टाकून देणे बरे. ते कंपोस्टच्या ढिगात टाकू नये, आणि त्या कुंडीतली माती टोमॅटो, वांगी किंवा मिरचीच्या कुंड्यांत वापरू नये, कारण त्या मुळांनाही हेच सूत्रकृमी लागतात. माती काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक झाकून एप्रिल-मेच्या कडक उन्हात पाचसहा आठवडे तापवली, तर पुन्हा वापरता येईल.