वरणाचं पाणी म्हणजे जेवण नव्हे

बाळाच्या वरच्या अन्नाबद्दल फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ही एकत्र उत्तरं.

बाळ साडेचार महिन्यांचं आहे. आमच्या ताटाकडे टक लावून बघतं, मुठी चोखतं. घास द्यायचा का? (महाल)

नाही. मुठी या वयात सगळीच बाळं चोखतात. 180 दिवस पूर्ण होऊ द्या. तोवर मान स्थिर हवी, आधाराने बसता यायला हवं आणि ओठांत ठेवलेला घास जिभेने बाहेर ढकलणं थांबलेलं हवं. सात महिन्यांपर्यंत हे जमलं नाही, तर बाळ डॉक्टरांना दाखवा.

ऊन 45 अंशांवर गेलंय. पाच महिन्यांच्या बाळाला पाणी पाजू का?

नको, अंगावर जास्त वेळा पाजा. शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मुलगी सात महिन्यांची आहे. उष्टावणाचा मुहूर्त लांबला, म्हणून सध्या फक्त वरणाचं पाणी देतो. वजन वाढत नाही. (प्रतापनगर)

वजनासाठी याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा. उष्टावण हौसेने करा, पण घास आजच सुरू करा. आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. वरणाचं पाणी निथळून घेतलं की डाळ भांड्याच्या तळाशी राहते. बाळाच्या वाटीत येतं हळदीच्या रंगाचं पाणी. पोट तेवढ्यानेच भरतं आणि दुधालाही जागा उरत नाही. शेजारीपाजारी काहीही सांगोत, ‘पातळ म्हणजे पचायला हलकं’ हे डोक्यातून काढा.

मूगडाळ-तांदळाची खिचडी गिच्च शिजवा, चमच्याने घोटा, वर अर्धा चमचा तूप घाला. चमचा तिरपा केला तर ओघळू नये इतकी ती घट्ट हवी. मिक्सरमधून काढून गाळू नका. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मग वाढवत 250 मिली मावणाऱ्या वाटीने अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. दूध चालूच. खिचडीसोबत संत्र्याचा थोडा रस द्या, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह नीट शोषलं जातं. उकडलेलं अंडंही कुस्करून चालतं. लोहाचे थेंब मात्र डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत.

दुकानदार म्हणतो, डब्यातलं तयार अन्न जास्त पौष्टिक.

दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करायलाच 1992 च्या कायद्याने बंदी आहे. दुकानदाराचा सल्ला घेऊ नका.

मध, मीठ, साखर?

वर्षाच्या आत काहीच नको. मधाचं बोटही नको. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

आमचं बाळ 34व्या आठवड्यात जन्मलं. सहा महिने कधीपासून मोजायचे?

हे घरी ठरवू नका. जन्माची कागदपत्रं घेऊन तुमच्या डॉक्टरांना विचारा.