वाचकांचे प्रश्न : कारखाना बंद पडला, नवं काम शिकायचं तर पैसा कुणाचा?

प्रश्न : रासायनिक कारखान्यात ११ वर्षं ऑपरेटर आहे. वय ४१, पगार १८,००० रुपये, ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जातो. वायुगळती झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. आता व्यवस्थापन म्हणतं, ‘राजीनामा द्या, हिशेब घ्या, पुढच्या ट्रेनिंगचं आम्ही बघतो.’ दुसरं काम शिकायची तयारी आहे, पण पैसे कुठून आणायचे?
— एक कामगार, दौंड तालुका

उत्तर : राजीनाम्यावर सही करू नका. अशा वेळी बहुधा छापील कागदच पुढे येतो : ‘मी वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने नोकरी सोडत आहे.’ शिकण्यासाठी जो पैसा तुम्हाला मिळू शकतो, तो या एका ओळीने जातो. मंडळाच्या आदेशाने कारखाना थांबला म्हणून तुमची नोकरी संपत नाही. ती संपवायची असेल तर मालकाने कायद्याप्रमाणे कामगार कपात किंवा कारखाना बंद केल्याची लेखी नोटीस द्यायला हवी.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्या कलम ८३ मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचं शेवटचं वेतन या निधीत भरायचं आणि कपातीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. तुमच्या पगारावर ही रक्कम नऊ-दहा हजार रुपये होते. कपातीची भरपाई, म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन, ही वेगळी. ‘भरपाईतच सगळं आलं’ असं सांगितलं तर ऐकू नका. मात्र हा निधी फक्त कपातीला आहे. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती किंवा मुदतीचा करार संपणं यांत तो मिळत नाही, आणि कारखाना कायमचा बंद झाल्याची नोटीस असेल तर मालक याच शब्दावर बोट ठेवू शकतो. म्हणून नोटिशीत ‘कपात’ लिहिलंय की ‘बंद’, हे नीट वाचा.

नऊ-दहा हजारांत अभ्यासक्रमाची फी कदाचित निघेल, घर चालणार नाही. लोक प्रशिक्षण अर्धवट सोडतात ते बहुतेक वेळा याचमुळे. फी भरलेली असते, पण तिसऱ्या महिन्यात किराणा आणि भाडं थकतं आणि माणूस मिळेल त्या रोजंदारीवर जातो. त्यामुळे तुमच्यासाठी राज्य कामगार विम्याची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना जास्त महत्त्वाची आहे. कारखाना बंद होऊन किंवा कपातीने नोकरी गेली तर तिच्यात पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो. तुमच्या बाबतीत साधारण ९,००० आणि मग ४,५०० रुपये महिना. कौशल्य वाढवण्याच्या प्रशिक्षणाची फी आणि प्रवासखर्चही ईएसआय महामंडळ देतं. इथे कारखाना बंद झालेलाही चालतो, राजीनामा मात्र चालत नाही.

अर्ज तुमच्या ईएसआय शाखा कार्यालयात करा. तिथे अडलं तर बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात जा. नोटिशीची प्रत, विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक आणि पगारस्लिपा सोबत ठेवा. अर्ज अडकतो तो बहुतेक दोन कारणांनी : मालकाने नोकरी संपल्याची तारीख वेगळी कळवलेली असते, किंवा शेवटच्या महिन्यांचं अंशदान (विम्याचा हप्ता) कापून भरलेलंच नसतं. पगारस्लिपेवर ईएसआयसाठी कापलेली रक्कम आणि ईएसआयच्या नोंदी आजच ताडून पाहा.

आता काय शिकायचं ते. ११ वर्षांचा अनुभव टाकून शून्यातून सुरुवात करू नका. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तीत छोटं प्रशिक्षण आणि परीक्षा असते. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र चालवणं किंवा बॉयलर अटेंडंट ही कामं तुमच्या हाताला जवळची आहेत. बॉयलरच्या परीक्षेला अनुभवाचा दाखला लागतो. कारखान्याला कुलूप लागल्यावर तो द्यायला कुणी उरत नाही. पर्सोनेल खात्यात माणूस बसतोय तोवर पद, विभाग, हाताळलेली यंत्रं आणि तारखा लिहून सही-शिक्क्याचा दाखला घ्या.

घाईत दिसेल तो कोर्स धरला की काय होतं, ते भोपाळमध्ये दिसलं. १९८४ च्या दुर्घटनेनंतर तिथे बायकांसाठी सरकारी शिलाई केंद्रं निघाली, पुढे ती बंद पडली आणि रोजगारासाठी त्या बायकांनाच आंदोलन उभारावं लागलं. प्रवेश घेण्याआधी संस्थेला विचारा : मागच्या तुकडीतली माणसं कुठल्या कारखान्यात लागली? नावं सांगता आली नाहीत तर दुसरी संस्था बघा.

प्रश्न : वायुगळतीने बंद पडलेल्या कारखान्यात मी ठेकेदाराकडे होते, ईएसआय कधी कापलाच नाही. शेजारच्या टपरीवाल्याचाही धंदा बसला. आम्हाला काही मार्ग आहे का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : आहे, आणि तो पुण्यातच आहे. पर्यावरणाच्या हानीची प्रकरणं ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ इथे आहे. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत भरपाईच्या बाबींमध्ये ‘व्यवसाय किंवा रोजगार किंवा दोन्हींचं नुकसान’ स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे तुम्ही दोघंही अर्ज करू शकता. मुदत ५ वर्षांची. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या १ टक्का, किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ.

अर्जात नुसतं ‘नुकसान झालं’ लिहू नका. बुडालेली मजुरी किंवा कमाई, अभ्यासक्रमाची फी, शिकतानाच्या महिन्यांचा घरखर्च आणि प्रवास असे आकडे वेगळे मांडा. हजेरीपत्रक, गेटपासचा फोटो, मजुरी जमा झाल्याचं बँक विवरण, टपरीवाल्याचा परवाना आणि मालखरेदीची बिलं जोडा. ईएसआय कापला नाही ही तक्रार महामंडळाकडे स्वतंत्र द्या. मजुरी थकली असेल तर मूळ मालकालाही जबाबदार धरता येतं, हे विसरू नका.

वकिलाच्या खर्चाला भिऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक आपत्तीत सापडलेल्या व्यक्तीला, स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्यायचा.

प्रश्न : कारखाना बंद पडला. कंपनी म्हणते, तुमचं प्रशिक्षण सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) करू. संघटनेने मान्य करावं का?
— एक युनियन प्रतिनिधी, पुणे

उत्तर : नको. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, कायद्याने जे देणं बंधनकारक आहे तेही नाही. उद्या हिशेबनीसाने आक्षेप घेतला की हप्ता थांबेल. वसाहतीतल्या दुसऱ्या कंपन्यांनी त्यांच्या सीएसआरमधून मदत केली तर हरकत नाही.

तुम्ही कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्यासमोर लेखी करार करा. त्यात प्रत्येकाची प्रशिक्षणाची रक्कम, दरमहा विद्यावेतन, किती महिने आणि कुठल्या तारखेला, हे सगळं असू द्या. पैसा वेगळ्या बँक खात्यात आधी भरून घ्या, कारण बुडीत कंपनीकडून नंतर वसुली अवघड असते. बोलणीत दोन दाखले ठेवा. दिल्लीतले १६८ घातक उद्योग हलवताना सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, जे कारखाने नव्या जागी जाणार नव्हते त्यांच्या कामगारांना सहा वर्षांचं वेतन जादा भरपाई म्हणून द्यायला लावलं होतं. आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाल्यावर खोदकाम थांबलं, तेव्हा बीपी कंपनीने काम गेलेल्या रिग कामगारांसाठी १० कोटी डॉलर वेगळे काढले होते. करारावर सह्या होईपर्यंत कुणाही सभासदाला एकट्याने केबिनमध्ये हिशेब घ्यायला पाठवू नका.